खुर्चीवरचं काळं कापड

१८ सप्टेंबर २०२०, शुक्रवारची संध्याकाळ. व्हर्जिनियात, आर्लिंग्टनला लेकीच्या घरी मी आमटीला फोडणी देत होते. फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून आले आणि करोनात विमानं बंद झाल्यावर तिथेच अडकले. लेक फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात आली. "आई, रूथ गिन्सबर्ग गेल्या." मी शेगडी बंद केली. तिचं पुढचं वाक्य होतं, "तीन नोव्हेंबरला किती दिवस राहिले गं?"

४६ दिवस.

कुणी गेल्याचं कळलं की आपण विचारतो, वय काय होतं, कशाने गेले, घरी कोण कोण आहे. माझ्या शहाण्या, हळव्या लेकीने दिवस मोजले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती, वय ८७, कर्करोगाशी झुंजत गेलेल्या. जी बाई स्त्रियांच्या समान हक्कांसाठी आयुष्यभर लढली, तिच्यासाठी रडायला सवड मिळण्याआधीच राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा हिशेब सुरू झाला. त्याच रात्री सिनेटमधल्या रिपब्लिकन बहुमताचे नेते मिच मॅककॉनेल यांनी जाहीर केलं की, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प ज्यांचं नाव देतील त्यांच्यावर सिनेटमध्ये मतदान होईल. नवा राष्ट्राध्यक्ष पदावर आल्याशिवाय आपली जागा भरू नये, ही गिन्सबर्ग यांनी नातीला सांगितलेली शेवटची इच्छा होती. तीही बातम्यांत आली आणि तिच्यावरही लगेच दोन तट पडले.

मी तीस वर्षं दिवाणी वकिली केली. दोन्ही बाजूंची कैफियत वाचल्याशिवाय मत द्यायचं नाही, ही सवय हाडीमाशी खिळलेली. म्हणून मी हे प्रकरण मुळापासून वाचायला बसले.

तिथली व्यवस्था वरवर सोपी आहे. न्यायालयात नऊ न्यायमूर्ती. हा आकडा राज्यघटनेत नाही, तो कायद्याने ठरतो आणि १८६९ पासून नऊच राहिला आहे. नाव राष्ट्राध्यक्षांनी सुचवायचं, संमती सिनेटने द्यायची. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन, असे १०० सदस्य. एकदा नेमणूक झाली की ती तहहयात. निवृत्तीचं वय नाही. महाभियोगाचा अपवाद सोडला, तर न्यायमूर्ती स्वतः पायउतार होतील किंवा मरण पावतील तेव्हाच जागा रिकामी व्हायची. आणि ती किती दिवसांत भरायची, सिनेटने नाव विचारात घेतलंच पाहिजे की नाही, याबद्दल घटनेत एक अक्षर नाही. आपल्याकडे तलाठ्याच्या नोंदीलासुद्धा हरकतीची मुदत असते. इथे जगातल्या सर्वांत बलाढ्य न्यायालयाच्या खुर्चीला मुदत नव्हती. सगळं संकेतांवर चाललं होतं आणि दोन्ही पक्ष संकेत पाळत होते तोवर चाललंही.

परिणाम किती आंधळा होतो ते पाहा. जिमी कार्टर पूर्ण चार वर्षं राष्ट्राध्यक्ष होते, त्यांना एकही न्यायमूर्ती नेमता आला नाही. ट्रम्प यांना पहिल्या चार वर्षांत तीन नेमता आले. दोघांनाही तोवर जनतेने एकेकदाच निवडून दिलं होतं.

हे भांडण मात्र २०२० चं नव्हतं. त्याची फिर्याद १३ फेब्रुवारी २०१६ ला दाखल झाली. त्या दिवशी पश्चिम टेक्सासमधल्या एका रँचवर न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया मरण पावले. रेगन यांनी १९८६ साली नेमलेले, उजव्या विचारांचे सर्वांत ठाम न्यायमूर्ती. आणि तरी सिनेटने त्यांना ९८ विरुद्ध शून्य मतांनी संमती दिली होती. गिन्सबर्ग डाव्या विचारांच्या, त्यांनाही १९९३ साली ९६ विरुद्ध तीन. आणि हे दोघे एकमेकांचे जिवलग मित्र! निकालपत्रांत एकमेकांचे मुद्दे खोडून काढायचे आणि ऑपेराला बरोबर जायचे. १९९४ साली दोघं भारतात आले असताना एकाच हत्तीवर बसले होते. पुढे स्कालिया, मागे गिन्सबर्ग. तो फोटो गिन्सबर्ग यांच्या दालनात लावलेला असायचा. मी तो कितीतरी वेळ पाहत बसले. मतभेद असावेत तर असे, असं मला मनापासून वाटतं.

स्कालिया गेल्याच्या दिवशीच मॅककॉनेल यांनी सांगितलं की, हे निवडणुकीचं वर्ष आहे, जागा पुढचा राष्ट्राध्यक्ष भरेल. मतदानाला तेव्हा ४६ नव्हे, २६९ दिवस होते. तेव्हाचे डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी १६ मार्चला मेरिक गार्लंड यांचं नाव दिलं. ६३ वर्षांचे, मध्यममार्गी, रिपब्लिकन सिनेटरांनीही पूर्वी वाखाणलेले गृहस्थ. सिनेटने त्यांना नाकारलं नाही. नाकारण्यासाठी मतदान घ्यावं लागतं. ना सुनावणी, ना मतदान. २९३ दिवस ते नाव तसंच पडून राहिलं आणि ३ जानेवारी २०१७ ला आपोआप निकाली निघालं. ट्रम्प निवडून आले, त्यांनी नील गोरसच यांना नेमलं. संमतीआधीची चर्चा थांबवायला ६० मतं लागत. डेमोक्रॅट अडवताहेत म्हटल्यावर रिपब्लिकनांनी तो नियम सर्वोच्च न्यायालयापुरता काढून टाकला. खालच्या न्यायालयांपुरता तो २०१३ मध्ये डेमोक्रॅटांनीच काढला होता, हेही नोंदवायला हवं.

रिकाम्या खुर्चीची किंमत कोण मोजतं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. एका तालुक्याच्या कोर्टात वर्षभर न्यायाधीश नव्हते. चार्ज शेजारच्या तालुक्याच्या साहेबांकडे. माझ्या एक पक्षकार बाई वाटपाच्या दाव्यासाठी एसटीने यायच्या, बोर्डावर नाव बघायच्या आणि पुढची तारीख घेऊन परत जायच्या. 'कोर्ट व्हेकंट आहे' हे त्यांना प्रत्येक वेळी मीच सांगायचे. २०१६ मध्ये वॉशिंग्टनला आठच न्यायमूर्ती उरले. कागदपत्रं नसलेल्या लाखो स्थलांतरित आईबापांना देशात राहू देण्याच्या ओबामांच्या योजनेचा खटला जूनमध्ये निकालाला आला आणि मतं पडली चार-चार. अशा वेळी खालच्या न्यायालयाचा हुकूम कायम राहतो. योजना अडली. निकालपत्र एका ओळीचं. त्या आईबापांनाही कुणीतरी 'खुर्ची रिकामी आहे' एवढंच सांगितलं असेल.

लेकीच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहत. कट्टर रिपब्लिकन मतदार आणि फार चांगला माणूस. लॉकडाऊनमध्ये आमचं वाणसामान त्यांनी आणून दिलं होतं. आमचा वाद मास्क लावून, जिन्यात, सहा फुटांवरून चालायचा. ते म्हणायचे, सुरुवात तुमच्या लेकीच्या पक्षाने केली, १९८७ ला रेगन यांनी नाव दिलेल्या रॉबर्ट बोर्क यांना पाडलं तेव्हा. बोर्क यांच्यावर इतकी झोड उठली की त्यांच्या आडनावाचं इंग्रजीत क्रियापद झालं, हे खरं. पण मी त्यांना म्हटलं, बोर्क यांची सुनावणी झाली, मतदान झालं, ४२ विरुद्ध ५८ मतांनी ते हरले आणि विरोधात मत देणाऱ्यांत सहा रिपब्लिकनही होते. निकाल विरोधात जाणं वेगळं आणि दावा बोर्डावरच न घेणं वेगळं. त्यावर त्यांनी दुसरा मुद्दा काढला: १९९२ साली खुद्द जो बायडन सिनेटमध्ये म्हणाले होते की, निवडणुकीच्या ऐन धामधुमीत नाव देऊ नये. हेही खरं होतं. तेव्हा जागा रिकामी नव्हती, पण बोलून गेलेला शब्द विरोधक जपून ठेवतात. डेमोक्रॅटही इतिहास आपल्या सोयीने सांगत होते. १८६४ साली सरन्यायाधीश टॉनी ऑक्टोबरात वारले आणि लिंकन निवडणुकीपर्यंत थांबले, हा दाखला कमला हॅरिस यांनी वादविवादात दिला. लिंकन थांबले हे खरं. पण त्या वेळी सिनेटचं अधिवेशनच चालू नव्हतं.

दोन्ही बाजू वाचून मी माझं मत बनवलं आणि ते आजही तेच आहे. २०१६ चा नियम बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. पण तो नियम ज्यांनी केला त्यांनीच चार वर्षांनी तो मोडला. 'तेव्हा राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि सिनेट दुसऱ्या पक्षाची होती, आता दोन्ही एकाच पक्षाचे आहेत,' हा खुलासा मला पटला नाही. २०१६ मध्ये लोकांना सांगितलेलं मुख्य कारण होतं, जनतेला कौल देऊ द्या. जनता २०२० मध्येही होतीच. कित्येक राज्यांत तिचं टपाली मतदान तर सुरूही झालं होतं. माझ्या लेकीने तिथली नागरिक म्हणून आयुष्यातलं पहिलं मत ऑक्टोबरातच टाकलं.

२६ सप्टेंबरला ट्रम्प यांनी एमी कोनी बॅरेट यांचं नाव जाहीर केलं. ४८ वर्षांच्या, नोट्र डेम विद्यापीठातल्या प्राध्यापक, सात मुलांच्या आई आणि एकेकाळी स्कालिया यांच्याच लॉ क्लर्क. १२ ऑक्टोबरपासूनच्या सुनावण्या मी टीव्हीवर जवळजवळ अखंड पाहिल्या. एका सिनेटरने विचारलं, तुमच्यासमोर टिपणं कोणती आहेत? त्यांनी कोरी वही उचलून दाखवली. वकील म्हणून मला त्या क्षणी त्यांचं कौतुक वाटलं; बाईंची तयारी पक्की होती. डेमोक्रॅट सदस्य आजारी माणसांचे मोठाले फोटो मागे ठेवून बोलत होते, कारण ओबामांच्या काळातला आरोग्यविम्याचा कायदा रद्द करण्याच्या खटल्यातला युक्तिवाद १० नोव्हेंबरला नेमलेला होता. पुढे त्या खटल्यात कायदा टिकला आणि टिकवणाऱ्या सात जणांत बॅरेटही होत्या. न्यायमूर्ती नेमणाऱ्याचे देणेकरी नसतात, याचा तो दाखला मला जपून ठेवावासा वाटतो. २६ ऑक्टोबरला ५२ विरुद्ध ४८ मतांनी त्यांना संमती मिळाली. डेमोक्रॅटांचं एकही मत नाही; रिपब्लिकनांपैकी फक्त सुझन कॉलिन्स विरोधात. गिन्सबर्ग जाऊन ३८ दिवस झाले होते.

त्याआधीचा एक दिवस सांगायचा राहिला. २३ सप्टेंबरला गिन्सबर्ग यांची शवपेटी न्यायालयाच्या पायऱ्यांच्या वर, संगमरवरी खांबांमध्ये ठेवली होती. त्यांच्याकडे काम केलेले शंभराहून अधिक लॉ क्लर्क काळ्या कपड्यांत पायऱ्यांवर दुतर्फा उभे होते. आत त्यांच्या खुर्चीवर आणि समोरच्या मेजावर काळं लोकरी कापड टाकलेलं. न्यायमूर्ती गेले की तिथली ही जुनी रीत आहे. आम्ही मायलेकी रांगेत उभ्या राहिलो. शेजारचे गुरुजीही आले. ते का आले, मी विचारलं नाही. पायऱ्यांपाशी आल्यावर त्यांनी टोपी काढली, मी हात जोडले, लेक खूप रडली. पाच दिवसांनी तिला रडू आलं.

आपल्याकडचं सगळं छान आहे असं मी म्हणणार नाही. १९७३ साली शेलट, हेगडे आणि ग्रोवर या तीन ज्येष्ठांना डावलून सरन्यायाधीश नेमले गेले, हे आमच्या पिढीच्या वकिलांना विसरता येत नाही. आजच्या कॉलेजियमच्या चर्चा बंद दाराआड होतात आणि तिने सुचवलेली नावं सरकारकडे पडून राहतात, याचाही मला राग आहे. पण आपल्या सर्वोच्च न्यायालयातला माणूस ६५ व्या वर्षी उठतो. शपथ घेतो त्याच दिवशी त्याच्या निवृत्तीची तारीख सगळ्यांना ठाऊक असते. त्याच्या आजारपणावर कुणाचं सरकार टपून बसलेलं नसतं. अमेरिकेने वयाची अट नाहीतर ठरावीक वर्षांची मुदत घातली पाहिजे. ती येईपर्यंत प्रत्येक खुर्चीपायी हेच होणार.

२४ जून २०२२ ला संध्याकाळी लेकीचा फोन आला, तेव्हा मी इथे घरी होते. गर्भपाताच्या हक्काला घटनेचं संरक्षण देणारा १९७३ चा निकाल न्यायालयाने उलटवला होता. उलटवणाऱ्या पाच जणांत गोरसच होते आणि बॅरेट होत्या. स्कालियांची खुर्ची आणि गिन्सबर्ग यांची. त्याच्या अडीच महिने आधी सिनेटने न्यायमूर्ती ब्रेयर यांच्या जागी केटान्जी ब्राउन जॅक्सन यांना संमती दिली होती. डेमोक्रॅटांच्या हाती सिनेट आहे तोवरच ब्रेयर यांनी निवृत्ती जाहीर केली होती. "गिन्सबर्ग २०१३ मध्येच गेल्या असत्या तर," लेक म्हणाली, आणि 'गेल्या' म्हणजे निवृत्त झाल्या, हे तिला लगेच सांगावं लागलं.

मग ती न्यायमूर्ती थॉमस, अलिटो, सोटोमायोर यांची जन्मसालं सांगू लागली: १९४८, १९५०, १९५४. तिला ती पाठ होती. मी म्हटलं, "बाळा, माणसांची वयं अशी मोजू नयेत."

"तुमच्याकडे पासष्टला सुटतात, आई," ती म्हणाली.