शालेय वाचा-भाषा उपचारातील सहायक : कार्यविभागणी, मर्यादा आणि उत्तरदायित्व

प्रास्ताविक

शाळेतील जवळजवळ सर्व व्यवहार भाषेच्या माध्यमातून चालतो. शिक्षकांचा प्रश्न समजणे, उत्तराची जुळवाजुळव करणे, गोष्ट क्रमाने सांगणे, खेळताना आपली बाजू मांडणे, या साऱ्यांसाठी बालकाला वाणी आणि भाषा या दोहोंचा आधार लागतो. हा आधार दुबळा असेल तर अडचण केवळ बोबड्या उच्चारापुरती राहत नाही; ती वाचन-लेखनात, मैत्रीत आणि आत्मविश्वासातही उतरते. अशा बालकांसाठी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ असतात. परंतु बालकांची संख्या आणि तज्ज्ञांची संख्या यांचे गणित क्वचितच जुळते. या तफावतीतून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शाळांमध्ये ‘वाचा-भाषा उपचार सहायक’ हे पद विकसित झाले. प्रस्तुत लेखात या पदाचे स्वरूप, त्याच्या मर्यादा आणि त्यामागील तत्त्व यांचे विवेचन केले आहे. या विवेचनाच्या केंद्रस्थानी एक प्रश्न आहे : एखाद्या व्यवसायातील कोणते काम दुसऱ्याच्या हाती सोपवता येते आणि कोणते सोपवता येत नाही?

ऐतिहासिक व वैधानिक पार्श्वभूमी

अमेरिकेत १९७५ साली अपंग बालकांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा संमत झाला. प्रत्येक अपंग बालकाला विनामूल्य व योग्य सार्वजनिक शिक्षण मिळाले पाहिजे, हे तत्त्व या कायद्याने प्रस्थापित केले. १९९० मध्ये त्याचे नाव बदलण्यात आले. १९९७ व २००४ मध्ये त्यात महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. पात्र ठरलेल्या ३ ते २१ वर्षे वयोगटातील विद्यार्थ्यासाठी ‘वैयक्तिक शिक्षण आराखडा’ तयार करणे शाळेवर बंधनकारक आहे. वाचा-भाषा उपचार या आराखड्याचा भाग असेल, तर तो पुरवणे हे शाळेचे कायदेशीर कर्तव्य ठरते.

हे कर्तव्य पार पाडणारा तज्ज्ञ पदव्युत्तर शिक्षण घेतलेला असावा, अशी या व्यवसायाची अपेक्षा आहे. या क्षेत्रातील राष्ट्रीय व्यावसायिक संघटना १९२५ साली स्थापन झाली. तिने प्रमाणित केलेल्या वाचा-भाषा तज्ज्ञांपैकी सुमारे निम्मे शैक्षणिक संस्थांत काम करतात. तरीही एका तज्ज्ञाकडे किती विद्यार्थी असावेत, हा प्रश्न सतत वादाचा राहिला. संघटनेने १९९३ मध्ये ४० विद्यार्थी ही कमाल मर्यादा सुचवली होती. पुढे २००२ मध्ये केवळ संख्येऐवजी बैठका, अहवाल, मूल्यमापन यांसह एकूण कार्यभाराचा विचार व्हावा, अशी भूमिका घेतली.

सहायकांची कल्पना मात्र याहून जुनी आहे. अशा साहाय्यकारी कर्मचाऱ्यांविषयीची पहिली मार्गदर्शक तत्त्वे संघटनेने १९६९ मध्येच प्रसिद्ध केली होती. १९९७ च्या दुरुस्तीने, योग्य प्रशिक्षण व पर्यवेक्षण असल्यास आणि राज्याचा कायदा अनुमती देत असल्यास, विशेष शिक्षणात सहायकांची मदत घेण्याचा मार्ग स्पष्ट केला.

पात्रतेतील विविधता

सहायक होण्यासाठी सर्व राज्यांत एकच नियम नाही. काही राज्यांत दोन वर्षांची सहयोगी पदवी पुरते, तर काही राज्ये या विषयातील पदवीची अपेक्षा ठेवतात. टेक्सास राज्यात पदवीखेरीज २५ तासांचे चिकित्सालयीन निरीक्षण आणि २५ तासांचा प्रत्यक्ष साहाय्याचा अनुभव आवश्यक मानला गेला आहे. पदनामही सर्वत्र सारखे नाही. ही विविधता कमी व्हावी यासाठी राष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये सहायकांसाठी स्वतंत्र प्रमाणपत्र सुरू केले. त्यासाठी शैक्षणिक पात्रतेबरोबर १०० तासांचे पर्यवेक्षित क्षेत्रकार्य आणि परीक्षा यांची अट आहे. हे प्रमाणपत्र राज्याच्या परवान्याची जागा घेत नाही. काम करण्याचा अधिकार राज्याच्या नियमांनीच ठरतो.

कामाचे स्वरूप

सहायकाचे काम समजून घेण्यासाठी एक कल्पित उदाहरण उपयुक्त ठरेल. सात वर्षांची एक विद्यार्थिनी ‘रॅबिट’ऐवजी ‘वॅबिट’ म्हणते. तज्ज्ञाने तिची तपासणी केली, श्रवणदोष नसल्याची खात्री करून घेतली आणि उद्दिष्ट ठरवले : शब्दाच्या आरंभी येणारा ‘र’ तिने ८० टक्के वेळा अचूक उच्चारावा. येथून पुढे सहायकाचे काम सुरू होते. तो तिला आठवड्यातून ठरलेल्या वेळी वर्गातून घेऊन येतो. आधी सुटा ध्वनी, मग अक्षर, शब्द, वाक्यांश, वाक्य आणि शेवटी सहज संभाषण, या पायऱ्यांनी सराव चालतो. कधी तो स्वतः उच्चार करून दाखवतो, कधी आरसा वापरतो, कधी केवळ खुणेने आठवण करून देतो. साहाय्य हळूहळू कमी करत नेणे, हे या सरावातील खरे कौशल्य होय.

प्रत्येक प्रयत्नाची तो नोंद ठेवतो. २० प्रयत्नांपैकी १४ अचूक आले, तर नोंद ७० टक्के अशी होते. त्यांपैकी किती साहाय्याविना होते, हेही लिहिले जाते. ही नोंद वरवर कारकुनी वाटते. तथापि संपूर्ण व्यवस्था तिच्यावर उभी आहे. चार आठवड्यांत अचूकता ४० वरून ७० टक्क्यांवर गेली, तर उपचाराची दिशा योग्य असल्याचा तो संकेत ठरतो. ती ४० वरच थांबली, तर पद्धत बदलावी, उद्दिष्ट बदलावे की पुन्हा तपासणी करावी, याचा निर्णय तज्ज्ञ घेतो. नोंद चुकीची असेल, तर तज्ज्ञाचा निर्णयही चुकतो. म्हणून सहायकाकडून अपेक्षित असलेला पहिला गुण म्हणजे प्रामाणिक निरीक्षण.

उच्चारदोषांखेरीज कथाक्रम सांगणे, प्रश्नांची उत्तरे देणे, शब्दसंग्रह वाढवणे, बोलू न शकणाऱ्या बालकाला चित्रफलक वा उपकरणाद्वारे संवाद साधण्यास मदत करणे, अशी कामेही सहायक करतो. साहित्य तयार करणे, वेळापत्रक सांभाळणे आणि चाळणी तपासणीत मदत करणे, हीदेखील त्याचीच कामे होत.

मर्यादा व पर्यवेक्षण

सहायकाने काय करू नये, याची यादी अधिक बोलकी आहे. निदान करणे, चाचणीच्या निष्पत्तीचा अर्थ लावणे, उपचारयोजना आखणे किंवा स्वतःहून बदलणे, विद्यार्थ्याला सेवेत घेणे वा सेवेतून मुक्त करणे, पालकांना निदानाविषयी सल्ला देणे, ही कामे त्याच्या कक्षेबाहेर आहेत. स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेण्यासही त्याला मनाई आहे.

पर्यवेक्षणाचे प्रमाणही ठरवलेले असते. राष्ट्रीय संघटनेच्या २०१३ च्या दस्तऐवजानुसार, पहिल्या ९० कार्यदिवसांत सहायकाच्या कामापैकी किमान ३० टक्के कामाचे पर्यवेक्षण अपेक्षित होते. त्यातील २० टक्के प्रत्यक्ष, तर १० टक्के अप्रत्यक्ष. प्रत्यक्ष पर्यवेक्षण म्हणजे उपचार चालू असताना केलेले निरीक्षण; अप्रत्यक्ष म्हणजे नोंदी, ध्वनिमुद्रणे व चर्चा यांच्या आधारे केलेली तपासणी. राज्यांचे नियम याहून वेगळे असू शकतात.

या मर्यादांमागील तत्त्व असे की, कृती सोपवता येते; उत्तरदायित्व सोपवता येत नाही. सहायकाच्या हातून घडलेल्या उपचाराची जबाबदारी अखेरीस तज्ज्ञावरच राहते.

भिन्नता की दोष? : मराठी भाषक बालकाचे उदाहरण

निर्णयाचा अधिकार तज्ज्ञाकडेच का ठेवावा, हे द्विभाषिक बालकाच्या उदाहरणातून स्पष्ट होते. मराठीत ‘व’ हा एकच वर्ण आहे; इंग्रजीत मात्र ओठ-दातांनी उच्चारला जाणारा ‘व्ह’ आणि ओठ गोल करून उच्चारला जाणारा ‘व’ हे अर्थभेदक ध्वनी आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील बालकाने ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ हे शब्द सारखेच उच्चारले, तर तो वाणीदोष नव्हे. घरच्या भाषेची ती स्वाभाविक छाप आहे. याउलट तेच बालक मराठीतही मागे पडत असेल, आजीने सांगितलेली साधी सूचना त्याला उमगत नसेल, किंवा समवयस्क मराठी बालकांच्या मानाने त्याची वाक्ये फारच त्रोटक असतील, तर खरी अडचण असण्याची शक्यता वाढते. भाषाविकासाचा मूलभूत दोष सामान्यतः बालकाच्या दोन्ही भाषांत दिसतो, केवळ एकीत नव्हे.

येथे मराठी जाणणाऱ्या सहायकाचे मोल मोठे आहे. योग्य प्रशिक्षणानंतर तो दुभाष्याचे काम करू शकतो आणि बालक घरी कसे बोलते याची माहिती तज्ज्ञापर्यंत पोहोचवू शकतो. परंतु भाषा येणे आणि भाषादोषाचे निदान करता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. भिन्नतेला दोष ठरवले, तर निरोगी बालकावर अकारण शिक्का बसतो. दोषाला भिन्नता मानले, तर गरजू बालकाची मोलाची वर्षे वाया जातात.

आक्षेपाचा विचार

सहायक म्हणजे स्वस्तातील पर्याय, असा आक्षेप या व्यवस्थेवर घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. तज्ज्ञांची पदे रिक्त ठेवून सहायकांवर भार टाकला आणि पर्यवेक्षण कागदोपत्री उरले, तर कायद्याने दिलेला उपचार नावापुरता राहील. शिवाय गुंतागुंतीचा दोष असलेल्या बालकाला तज्ज्ञाचा सहवासच मिळणार नाही. मात्र विभागणी चोख असेल, तर तज्ज्ञाचा वेळ निदान, योजना आणि शिक्षक-पालकांशी विचारविनिमय यांसाठी मोकळा होतो आणि बालकाला सरावाची वारंवारता मिळते. ध्वनी वा वाक्यरचना अंगवळणी पडण्यासाठी ही वारंवारता अपरिहार्य असते. तेव्हा सहायक असावा की नसावा, यापेक्षा त्याच्यामागे तज्ज्ञ खरोखर उभा आहे की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

भारतीय संदर्भ

भारतात या विषयाचे औपचारिक शिक्षण १९६० च्या दशकात मैसूर व मुंबई येथे सुरू झाले. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. परिषदेने तज्ज्ञांच्या पदव्यांबरोबरच श्रवण, भाषा व वाणी या विषयातील एक वर्षाच्या पदविकेलाही मान्यता दिली. या पदविकाधारकांचे स्थान अमेरिकेतील सहायकांशी काही अंशी तुलनीय आहे. मात्र शाळांमध्ये त्यांच्यासाठी तशी सार्वत्रिक, नियमबद्ध रचना उभी राहिलेली नाही.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत वाणी व भाषा यांचा स्वतंत्र समावेश नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने मान्य केलेल्या २१ प्रकारांत तो झाला. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत भाषाविकासातील विलंबाचाही विचार होतो. परंतु तपासणी हा केवळ आरंभ आहे. तालुक्याच्या गावातील बालकाची अडचण लक्षात आली, तरी आठवड्यातून दोनदा त्याच्यासोबत बसून सराव कोण घेणार, हा प्रश्न शिल्लक राहतो.

महाविद्यालयांसाठी या प्रश्नाचे काही पैलू थेट अभ्यासाचे आहेत. मराठीतील बालकाने ‘घर’ऐवजी ‘घल’ म्हणणे कोणत्या वयापर्यंत स्वाभाविक मानावे, ‘ळ’ आणि ‘ण’ केव्हा स्थिर होतात, तीन लिंगांची व्यवस्था बालक कोणत्या क्रमाने आत्मसात करते, बोलीनुसार यात काय फरक पडतो, हे इंग्रजीवरून उसने घेता येत नाही. मराठी, भाषाविज्ञान, मानसशास्त्र व शिक्षणशास्त्र या विभागांच्या संयुक्त क्षेत्रीय अभ्यासातूनच त्याची उत्तरे मिळू शकतील. बोलीभाषक बालकाच्या बोलण्याला दोष समजण्याची चूक टाळण्यासाठीही या अभ्यासाची गरज आहे.

समारोप

शालेय वाचा-भाषा उपचारातील सहायक हा तज्ज्ञाचा पर्याय नसून त्याच्या कामाचा विस्तार आहे. नियमित सराव, नेमकी नोंद आणि बालकाशी जडलेला विश्वास ही त्याची क्षेत्रे. निदान, योजना आणि अंतिम निर्णय ही तज्ज्ञाची. अमेरिकेतील अनुभवावरून असे दिसते की, ही सीमारेषा कायदा, प्रशिक्षण व पर्यवेक्षण यांनी सुस्पष्ट केल्यासच सेवेचा विस्तार आणि तिची गुणवत्ता एकत्र नांदू शकतात. महाराष्ट्रात अशी व्यवस्था उभारताना पदनिर्मितीइतकेच पर्यवेक्षणाला आणि परक्या मानकांपेक्षा मराठीच्या स्वतंत्र अभ्यासाला प्राधान्य द्यावे लागेल.