अमर्याद मोबाइल डेटा योजना आणि टेदरिंगविषयीचे विवाद

भ्रमणध्वनी सेवा देणाऱ्या कंपन्या आणि त्यांचे ग्राहक यांच्यात दोन प्रश्नांवरून वारंवार वाद उद्भवतात. ‘अमर्याद’ म्हणून विकलेल्या डेटाला मर्यादा असू शकते काय, हा पहिला प्रश्न. विकत घेतलेला डेटा आपल्या मोबाइलमधून संगणकाला किंवा अन्य उपकरणाला देण्याचा अधिकार ग्राहकाला आहे काय, हा दुसरा. डेटा असा दुसऱ्या उपकरणाला देण्याच्या क्रियेला टेदरिंग म्हणतात. अमेरिका व युरोपात हा वाद मुख्यतः टेदरिंगवरील बंदी आणि त्यासाठीचे वेगळे शुल्क यांभोवती फिरला. भारतात बहुतेक योजनांना दैनंदिन मर्यादा असल्यामुळे टेदरिंगला कंपन्यांचा फारसा विरोध राहिला नाही. वाद ‘अमर्याद’ या शब्दाभोवती आणि मर्यादेनंतर मिळणाऱ्या वेगाभोवती केंद्रित झाला. २०२२ नंतर दैनंदिन मर्यादा नसलेल्या ५जी योजना आल्यावर दोन्ही प्रश्न पुन्हा एकत्र आले आहेत.

== संज्ञा ==

टेदरिंग तीन प्रकारे केले जाते : यूएसबी केबलने, ब्लूटूथने किंवा वाय-फायने. वाय-फायच्या प्रकाराला बोलीभाषेत ‘हॉटस्पॉट लावणे’ किंवा ‘हॉटस्पॉट देणे’ म्हणतात. जनावर दाव्याने खुंटीला बांधणे, हा मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ आहे. अँड्रॉइड प्रणालीत वाय-फाय हॉटस्पॉटची सोय २०१० मध्ये आली. आयफोनमध्ये ती २०११ मध्ये आली.

रास्त वापर धोरण (प्रचलित संक्षेप : एफयूपी) म्हणजे ठरावीक डेटा पूर्ण वेगाने वापरून झाल्यावर जोडणी बंद न करता तिचा वेग कमी करण्याची पद्धत. मर्यादा डेटाच्या प्रमाणाला नसून वेगाला आहे, म्हणून योजनेस ‘अमर्याद’ म्हणणे योग्य ठरते, असा कंपन्यांचा युक्तिवाद असतो.

== तांत्रिक पार्श्वभूमी ==

मोबाइल मनोऱ्याची क्षमता त्याच्या परिसरातील सर्व ग्राहकांत वाटली जाते. एका ग्राहकाने सतत मोठ्या प्रमाणावर डेटा वापरल्यास गर्दीच्या वेळी इतरांचा वेग घटतो. मोबाइलच्या पडद्यावर एका माणसाचा होणारा वापर साधारणपणे बेताचा असतो. टेदरिंगने संगणक, दूरचित्रवाणी संच किंवा अनेक माणसे जोडली गेल्यास तो अनेक पटींनी वाढू शकतो. टेदरिंगला विरोध करताना कंपन्या हेच कारण देतात.

टेदरिंग चालू आहे हे ओळखण्याचे काही मार्ग कंपन्यांना उपलब्ध असतात. आंतरजालावर जाणाऱ्या प्रत्येक माहिती-पुडक्यावर ते किती टप्पे ओलांडू शकते याचा आकडा असतो. मोबाइलमधून निघणाऱ्या पुडक्यावर तो सहसा ६४ असतो. तेच पुडके दुसऱ्या उपकरणातून मोबाइलमार्गे गेल्यास एक टप्पा आधीच ओलांडला गेल्याने तो ६३ होतो. काही मोबाइल संच टेदरिंगसाठी जोडणीची वेगळी मांडणी वापरतात, त्यावरूनही हा वापर निराळा मोजता येतो.

डेटा ‘आपोआप संपला’ अशा अनेक तक्रारींचे मूळही टेदरिंगमध्ये असते. हॉटस्पॉटला जोडलेला संगणक त्या जोडणीस घरातील साधे वाय-फाय समजतो आणि प्रणालीची अद्ययावत आवृत्ती किंवा छायाचित्रांच्या प्रती पार्श्वभूमीवर उतरवू वा चढवू लागतो. संगणकात ही जोडणी ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवल्यास असा वापर बराच कमी होतो. कंपनी उतरवलेला आणि चढवलेला असा दोन्ही प्रकारचा डेटा मोजते, ही बाबही अनेकदा ध्यानात घेतली जात नाही.

== मुंबईतील पार्श्वभूमी ==

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा सुरू केली, तेव्हा मुंबई हे पहिल्या शहरांपैकी एक होते. दूरसंचार परवान्यांच्या दृष्टीने मुंबई हे महाराष्ट्रापासून वेगळे सेवाक्षेत्र आहे आणि बोरीवलीसह सर्व उपनगरे त्यात मोडतात.

२०१६ पर्यंत १ जीबी मोबाइल डेटासाठी २५० रुपयांच्या आसपास खर्च येत असे. त्या काळात टेदरिंग हा चैनीचा वापर होता. ५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली आणि वर्षअखेरपर्यंत डेटा विनामूल्य देण्यात आला. या सवलतीतही दिवसाला ४ जीबीनंतर वेग १२८ केबीपीएसवर येत असे. जानेवारी २०१७ पासून ही दैनंदिन मर्यादा १ जीबी करण्यात आली. विनामूल्य सवलतीची मुदत वाढवण्याविरुद्ध एअरटेलने दूरसंचार विवाद निवारण व अपिलीय न्यायाधिकरणाकडे (टीडीसॅट) दाद मागितली. पुढे इतर कंपन्यांनीही ‘दिवसाला इतके जीबी’ हीच रचना स्वीकारली.

या रचनेमुळे टेदरिंगचा प्रश्न भारतात मवाळ झाला. दिवसाचा वाटा ठरलेला असल्याने तो मोबाइलवर संपला की संगणकावर, याने कंपनीच्या हिशेबात मोठा फरक पडत नाही. अपवाद उपकरणाच्या पातळीवर दिसला. २१ जुलै २०१७ रोजी जाहीर झालेल्या जिओफोनची १५३ रुपयांची योजना ‘अमर्याद’ म्हणून सांगितली गेली. पूर्ण वेगाचा डेटा दिवसाला ५०० एमबी होता. त्या संचात सुरुवातीला हॉटस्पॉटची सोय नव्हती, ती नंतर देण्यात आली.

== कोविड काळातील वापर ==

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि १५ जून २०२० पासून महाराष्ट्रात शैक्षणिक वर्ष दूरस्थ पद्धतीने सुरू झाले. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा भरले. मधल्या काळात बोरीवली, कांदिवली, मुलुंड, घाटकोपर अशा उपनगरांतील ज्या घरांत केबल किंवा फायबरची जोडणी नव्हती, तेथे एका मोबाइलचा हॉटस्पॉट हेच शाळेचे आणि कार्यालयाचे दार झाले.

दर्जानुसार दृक्‌श्राव्य वर्गाला तासाला साधारण अर्धा ते एक जीबी डेटा लागतो. दिवसाला १.५ जीबीच्या योजनेवर दोन भावंडांचे प्रत्येकी दीड-दोन तासांचे वर्ग पूर्ण होणेही अवघड असे. वडिलांचे कार्यालयीन काम त्याच हॉटस्पॉटवर असेल तर दुपारपूर्वीच वाटा संपत असे. मर्यादेनंतर अनेक योजनांत वेग ६४ केबीपीएस होतो. या वेगाने १ एमबी उतरवण्यास सुमारे दोन मिनिटे, तर १० एमबीची स्वाध्यायपुस्तिका उतरवण्यास वीस मिनिटांहून अधिक वेळ लागतो. दृक्‌श्राव्य वर्ग चालूच शकत नाही. योजना कागदोपत्री ‘अमर्याद’ राहते, परंतु विद्यार्थी वर्गाबाहेर पडतो. अतिरिक्त डेटाचे छोटे रिचार्ज हा त्यावरचा एकमेव तातडीचा उपाय होता आणि त्याचा भार ज्यांच्याकडे स्थिर जोडणी नव्हती त्यांच्यावरच पडला.

== भारतातील नियमन ==

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) ३१ ऑक्टोबर २०१६ च्या निर्देशाने रास्त वापराची मर्यादा, मर्यादेपूर्वीचा वेग आणि मर्यादेनंतरचा वेग ग्राहकास स्पष्ट सांगणे बंधनकारक केले. स्थिर ब्रॉडबँडसाठी मर्यादेनंतरही किमान ५१२ केबीपीएस वेग ठेवण्याची अट त्यात होती. मोबाइल डेटाला ही किमान वेगाची अट लागू नव्हती. केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडच्या व्याख्येतील किमान वेग २ एमबीपीएस केला. मोबाइल योजनेतील मर्यादेनंतरचा ६४ केबीपीएस वेग त्याच्या सुमारे एकतिसाव्या भागाइतका आहे. म्हणजे त्या अवस्थेतील जोडणी शासकीय व्याख्येनुसार ब्रॉडबँड ठरत नाही.

टेदरिंगवर थेट भाष्य करणारा नियम या निर्देशांत नाही. तथापि नेट न्यूट्रॅलिटीविषयीची तत्त्वे येथे महत्त्वाची आहेत. ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली. नोव्हेंबर २०१७ च्या शिफारशींत प्रेषक, ग्राहक, जाळ्याचे नियम किंवा वापरकर्त्याचे उपकरण यांवरून मजकुराबाबत भेदभाव करू नये, असे तत्त्व मांडले गेले. जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने ही तत्त्वे मान्य केली. त्यांतील ‘वापरकर्त्याचे उपकरण’ हे शब्द टेदरिंगच्या बाजूने आधार म्हणून मांडता येतात; मात्र वाजवी वाहतूक व्यवस्थापनास या तत्त्वांत मुभा आहे. सर्व मजकुराला सारखीच लागू होणारी दैनंदिन मर्यादा भेदभावात मोडत नाही.

जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ९ जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. त्यांनुसार जाहिरातीखालील खुलासा मुख्य दाव्याच्याच भाषेत हवा आणि खुलाशाने मुख्य दाव्याच्या विरुद्ध अर्थ होता कामा नये. ठळक मराठी अक्षरांत ‘अमर्याद’ आणि तळाशी बारीक इंग्रजीत मर्यादा, अशा मांडणीचा विचार या कसोटीवर करता येतो.

== ५जी योजना आणि व्यावसायिक वापराचा प्रश्न ==

ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सेवा सुरू झाली तेव्हा एअरटेल आणि जिओ या दोन्ही कंपन्यांच्या पहिल्या शहरांत मुंबई होती. एअरटेलने मार्च २०२३ मध्ये ५जी वापरावरील दैनंदिन मर्यादा उठवली. जिओनेही स्वागत सवलतीत अमर्याद ५जी डेटा दिला. ३ जुलै २०२४ पासूनच्या दरवाढीत जिओची दिवसाला १.५ जीबीची २८ दिवसांची योजना २३९ वरून २९९ रुपयांवर आणि २ जीबीची योजना २९९ वरून ३४९ रुपयांवर गेली. त्याच वेळी अमर्याद ५जी दिवसाला २ जीबी व त्यावरील योजनांपुरते ठेवण्यात आले. व्होडाफोन आयडियाने मार्च २०२५ मध्ये मुंबईत ५जी सुरू केले.

दैनंदिन मर्यादा गेल्यावर ‘वैयक्तिक, अव्यावसायिक वापर’ ही अट पुढे आली. काही योजनांच्या अटींत महिनाभरात ३०० जीबीहून अधिक वापर व्यावसायिक समजला जातो. टेदरिंगचा वाद येथे नव्या रूपात परततो. एका खोलीच्या घरात चौघांनी एकच हॉटस्पॉट वापरणे हा कौटुंबिक वापर आहे. त्याच हॉटस्पॉटवर शिकवणी वर्ग किंवा दुकान चालवणे याकडे कंपनी निराळ्या दृष्टीने पाहू शकते. वापराचा हेतू न पाहता केवळ आकड्यावरून तो व्यावसायिक ठरवणे योग्य काय, हा मुद्दा अनिर्णित आहे. दुकानदाराने वाय-फाय अधिकृतपणे विकण्याचा मार्ग वेगळा असून, त्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजनेस मान्यता दिली.

== तक्रार निवारण ==

ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. २०१२ च्या विनियमांनुसार ग्राहकाने प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावयाचा असतो. उत्तर समाधानकारक नसल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. टीडीसॅट कंपन्यांमधील तसेच कंपनी आणि ग्राहकसमूह यांच्यातील वाद ऐकते; एकट्या ग्राहकाची तक्रार ग्राहक आयोगाकडे जाते.

२००९ च्या एका निकालामुळे दूरसंचार तक्रारी ग्राहक मंचापुढे चालतात की नाही याविषयी संभ्रम होता. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येत दूरसंचाराचा स्पष्ट समावेश झाला. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियासंबंधीच्या प्रकरणात ग्राहक मंचांचे अधिकारक्षेत्र मान्य केले. नव्या अधिनियमानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे बोरीवलीतील ग्राहक, कंपनीचे कार्यालय कोठेही असले तरी, वांद्रे (पूर्व) येथील मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. तक्रार सामान्यतः दोन वर्षांच्या आत करावी लागते. १९७५ मध्ये स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत ही संस्था शहरात ग्राहक हक्कांसाठी कार्य करते.

एका रिचार्जची किंमत काही शे रुपयांची असल्याने अशी तक्रार शेवटपर्यंत नेणे वेळेच्या दृष्टीने परवडत नाही, ही या व्यवस्थेची मोठी अडचण आहे. योजनेच्या अटींचे पान, मर्यादा संपल्याचे संदेश आणि वेगचाचणीची चित्रे जपून ठेवल्यास तक्रारीस पुरावा मिळतो.

== अन्य देशांतील प्रकरणे ==

अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने अमर्याद योजनाधारकांचा वेग ठरावीक वापरानंतर घटवल्याबद्दल संघीय व्यापार आयोगाने ऑक्टोबर २०१४ मध्ये दावा दाखल केला. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने ६ कोटी डॉलर देण्याचे मान्य करून तो मिटवला. टेदरिंगची उपयोजने ग्राहकांना मिळू न दिल्याच्या चौकशीत व्हेरायझनने जुलै २०१२ मध्ये १२.५ लाख डॉलर भरून तडजोड केली. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील वणव्याच्या वेळी सांता क्लारा परगण्याच्या अग्निशमन दलाच्या वाहनातील ‘अमर्याद’ जोडणीचा वेग व्हेरायझनने घटवल्याचे उघड झाले. वेगमर्यादेचा प्रश्न सार्वजनिक सुरक्षिततेचाही असल्याचे त्यातून दिसून आले.

युरोपीय संघाच्या २०१५ च्या विनियमाने ग्राहकास आपल्या पसंतीचे उपकरण वापरण्याचा हक्क दिला. जर्मनीतील व्होडाफोनच्या ज्या योजनेत काही उपयोजनांचा डेटा मोजला जात नसे, त्यात टेदरिंग केल्यास ही सवलत मिळत नव्हती. युरोपीय न्यायालयाने २ सप्टेंबर २०२१ रोजी असे बंधन विनियमाशी विसंगत ठरवले.

== हे सुद्धा पहा ==

नेट न्यूट्रॅलिटी
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण
ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९
मुंबई ग्राहक पंचायत
वाय-फाय