सिमेंटची टंचाई आणि सुबत्ता

भाजीचा भाव चढला, तर शेतकरी पुढील हंगामात अधिक वाफे लावतो आणि काही महिन्यांतच भाव उतरतो. सिमेंटची गोष्ट मात्र निराळी आहे. ती नीट समजून घेतली, म्हणजे वाढत्या राष्ट्रापुढील एक अवघड प्रश्न आपल्या ध्यानात येईल.

चुनखडीचा दगड आणि चिकणमाती यांची पूड फिरत्या भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअस उष्णतेत भाजतात. तिचे जे कठीण खडे बनतात, त्यांना क्लिंकर म्हणतात. त्यांत थोडे जिप्सम मिसळून दळले, की सिमेंट तयार होते. याचा अर्थ असा, की सिमेंटसाठी चुनखडीची खाण, कोळसा, वीज आणि वाहतूक या सर्वांचा मेळ जमावा लागतो. माल जड आणि त्या मानाने स्वस्त. म्हणून कारखाना खाणीजवळच उभारतात. चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने आढळतात, ते याच कारणाने. असा कारखाना उभा राहण्यास काही वर्षे लागतात. शिवाय आज केलेले सिमेंट फार दिवस साठवताही येत नाही. दमट हवेत ते पोत्यातच घट्ट होऊन जाते.

भारतात १९१४ साली पोरबंदर येथे सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर धरणे, पूल, कारखाने आणि घरे यांची कामे देशभर निघाली. मागणी झपाट्याने वाढली. पुरवठा मागे पडला. सिमेंट सर्वांना रास्त भावात मिळावे, म्हणून सरकारने दर बांधून दिले आणि वाटपासाठी परवाने सुरू केले. हेतू चांगला होता. पण बांधलेल्या दरात नवा कारखाना घालणे परवडेना. त्यामुळे टंचाई हटली नाही. लहानसे घर बांधणाऱ्यालाही परवान्यासाठी खेटे घालावे लागत, नाही तर काळ्या बाजारात चढे दाम मोजावे लागत.

१९८२ साली हे नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ साली पूर्णपणे उठले. नवे कारखाने निघाले. १९८१ च्या सुमारास वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास असलेले उत्पादन आता चाळीस कोटी टनांच्या वर गेले आहे. सिमेंटच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल भारताचाच क्रमांक लागतो.

परंतु सुबत्तेलाही मोल द्यावे लागते. चुनखडी भाजताना तिच्यातून कर्बवायू बाहेर पडतो, आणि खणून काढलेला डोंगर पुन्हा उगवत नाही. म्हणून औष्णिक वीजकेंद्रांतील राख व पोलाद कारखान्यांतील मळी सिमेंटमध्ये मिसळून क्लिंकरची बचत करतात. टाकाऊ पदार्थ असा उपयोगी पडतो आणि दगडही वाचतो. देशाला घरे हवीत, तसे डोंगरही हवेत. या दोहोंचा तोल सांभाळणे, हेच पुढील पिढीचे काम आहे.