सात सेकंदांत पडलेला मनोरा

सुरतेहून भरूचकडे जाणाऱ्या गाडीने तापी ओलांडली की उत्राण लागतं, पुढचं स्टेशन कोसाड. उत्राणच्या वीजकेंद्राचा 85 मीटर उंचीचा शीतकरण मनोरा ही या भागाची खूण होती. 21 मार्च 2023 रोजी स्फोटकं लावून तो पाडला. सातेक सेकंदांत सगळं जमीनदोस्त. अशा मनोऱ्यातून निघणारे पांढरे लोट पुष्कळांना धूर वाटतात, पण ती निव्वळ पाण्याची वाफ असते. काळजी करावी असा वायू चिमणीतून जातो आणि तो दिसतच नाही.

हे केंद्र नैसर्गिक वायूवर चालायचं. तेवढ्याच विजेसाठी कोळसा जाळला तर जेवढा कार्बन डायऑक्साइड निघतो, त्याच्या साधारण निम्मा इथे निघायचा. पण निम्मा म्हणजे शून्य नव्हे. मनोरा गेला, तरी तेव्हा हवेत सोडलेल्या वायूचा काही भाग शेकडो वर्षं तिथेच राहणार आहे.

तो करतो काय? उन्हाने तापलेली जमीन अवरक्त किरणांच्या रूपात उष्णता बाहेर टाकते. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून 99 टक्के, पण ते तिला अडवत नाहीत. कार्बन डायऑक्साइडचा तीन अणूंचा रेणू मात्र या किरणांनी थरथरतो, उष्णता शोषतो आणि तिच्यातली बरीचशी पुन्हा खाली धाडतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख रेणूंत त्याचे 280 रेणू होते. आज 420 हून जास्त आहेत.

त्यामुळे हवा तापते आहे. ती एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, आणि ते कोसळतं तेव्हा एकदम कोसळतं. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतातल्या व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं. तापी उगम पावते ते मुलताई याच मध्य भारतात आहे.

ऑगस्ट 2006 मध्ये तापीवरच्या उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं आणि सुरतेचा बहुतांश भाग बुडाला. त्या एका पुराचं खापर तापमानवाढीवर फोडणं बरोबर नाही. पण तसा पाऊस पडण्याची शक्यता वाढते आहे, आणि चढत्या समुद्राच्या भरतीत नदीचं पाणी खाली उतरायला वेळ लागतो.

कोसाड-अमरोलीतल्या खानदेशी कुटुंबांनी म्हणून पावसाळ्यात गावाकडच्या, तापीवरच्याच हतनूर धरणाच्या विसर्गाची बातमी वाचत जावी. तेच पाणी उकाईमार्गे सुरतेला येतं.