आंब्याच्या तुडतुड्याचे ऑस्ट्रेलियन गोत्र

हापूसच्या मोहरावर येणारा तुडतुडा २०२० साली कागदोपत्री ऑस्ट्रेलियन झाला. कोकणातल्या बागायतदाराला याची खबर लागण्याचे काही कारण नव्हते; तो फवारणीच्या पाळ्या सांभाळत होता. पण त्या वर्षी 'सिस्टिमॅटिक एंटोमॉलॉजी' या नियतकालिकात शुए, डीट्रिच आणि झांग या तिघांचा एक शोधनिबंध आला आणि तुडतुड्यांच्या वंशावळीतली दोन जुनी उपकुले मोडीत निघाली. त्यांतल्या इडिओसेरिनी या उपकुलात आपले आंब्याचे तुडतुडे होते. ते आता युरिमेलिनी या उपकुलात गेले. हे नाव ज्या किड्यावरून पडले, तो राहतो ऑस्ट्रेलियातल्या निलगिरीवर.

निलगिरी आपल्याला रस्त्याच्या कडेचे, बांधावरचे, औषधी तेलाचे झाड म्हणून माहीत आहे. ऑस्ट्रेलियात तिला गम ट्री म्हणतात. युकॅलिप्टस, कोरिंबिया आणि अँगोफोरा या तिन्ही प्रजाती धरल्या तर जातींची संख्या आठशेच्या वर जाते. त्या खंडातली बहुतेक जंगले याच झाडांची. इतकी जुनी आणि इतकी पसरलेली झाडे म्हटल्यावर त्यांचा रस पिणारेही तसेच नानापरीचे निघाले.

त्यांतला सर्वांत ठळक म्हणजे युरिमेला फेनेस्ट्राटा. आपल्या भातावरच्या किंवा कपाशीवरच्या चिमुकल्या हिरव्या तुडतुड्याची सवय असलेल्या डोळ्याला हा तुडतुडा वाटणारच नाही. सेंटिमीटरभर किंवा त्याहून थोडा मोठा, अंगाने रुंद, निळसर झाक असलेला काळा, पंखांवर पांढरे ठिपके, पाय तांबूस. निलगिरीच्या कोवळ्या रोपांवर, तोडलेल्या खुंटाच्या धुमाऱ्यांवर तो घोळक्याने बसतो. मादी सालीत चिरा पाडून अंडी घालते आणि पिल्ले तिथेच दाटीवाटीने वाढतात.

हा घोळका एकटा कधी नसतो. त्याच्या आजूबाजूला मुंग्यांची ये-जा चालू असते. झाडाच्या रसात साखर भरपूर आणि प्रथिनांचा कच्चा माल अगदी थोडा, त्यामुळे तुडतुड्याला पोटातून खूप रस जाऊ द्यावा लागतो आणि जास्तीची साखर गोड, चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर पडते. आंब्याच्या पानांवर याच चिकट्यावर काळी बुरशी धरते आणि झाड काजळी फासल्यासारखे दिसते. निलगिरीवर तो चिकटा मुंग्या थेट तुडतुड्याकडूनच घेतात आणि त्याच्यावर चालून येणाऱ्या भक्षकांना अडवतात. मीट अँट नावाच्या आक्रमक मुंग्यांचा पहारा असलेल्या फांदीला हात लावून पाहणाऱ्याला हे प्रात्यक्षिकासह कळते.

या देवघेवीचे टोक गाठले आहे पोगोनोस्कोपिनी नावाच्या एका छोट्या गटाने. लांब पायांचे हे तुडतुडे दिवसा चक्क मुंगळ्यांच्या वारुळात, जमिनीखाली राहतात आणि रात्री निलगिरीवर चढून रस पितात. मॅक्स डे आणि किम पुलन यांनी १९९९ मध्ये 'व्हिक्टोरियन नॅचरलिस्ट'मध्ये त्यांच्या वागण्याविषयी लिहिले. डे यांचे नाव वेगळ्या कारणासाठीही लक्षात ठेवण्यासारखे आहे. सशांच्या मिक्झोमाटोसिस रोगाचा विषाणू डासाच्या शरीरात वाढत नाही, त्याच्या सोंडेला नुसता चिकटून दुसऱ्या सशापर्यंत जातो, हे फ्रँक फेनर यांच्याबरोबर १९५२ मध्ये दाखवणाऱ्यांत ते होते. पुढे हा माणूस तुडतुड्यांकडे वळला आणि वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर, १९९४ मध्ये, मरे फ्लेचर यांच्यासह ऑस्ट्रेलियातल्या सगळ्या तुडतुड्यांची टिपणांसह सूची छापून मोकळा झाला. शंभरी ओलांडून २०१७ मध्ये ते वारले.

मुंग्यांशी मैत्री न करणारेही निलगिरीवर पुष्कळ आहेत. स्टेनोकोटिनी गटातले तुडतुडे इतके चपटे, की सालीला चिकटून बसले तर सावलीही पडू नये. याच गोतावळ्यातला लेड्रोमॉर्फा प्लॅनिरोस्ट्रिस हा ऑस्ट्रेलियातल्या सर्वांत मोठ्या तुडतुड्यांपैकी एक, जवळजवळ तीन सेंटिमीटर लांबीचा. टार्टेसिनी हे तपकिरी, निमुळते. बॅट्राकोमॉर्फस हिरवे, पानाच्या रंगात बुडालेले. रुंद काळे, चपटे, तपकिरी, हिरवे हे सगळे एकाच झाडावर सापडतात, म्हणून ते एकमेकांचे भाऊबंद असतील असे पाहणाऱ्याला वाटते. तसे ते सगळे नाहीत. ही तुडतुड्यांच्या महाकुटुंबाची वेगवेगळी घराणी आहेत आणि निलगिरी हा त्यांचा सामाईक पत्ता आहे. पत्त्यावरून गोत्र ठरत नाही.

मग कशावरून ठरते? जुन्या अभ्यासकांकडे होते भिंग आणि टाचणीला टोचलेला किडा. डोक्याची ठेवण, साधे डोळे कपाळाच्या कडेवर आहेत की चेहऱ्यावर, मागच्या पायाच्या नळीवर काटे किती आणि कसे. तुडतुड्यांच्या मागच्या नळीवर सहसा काट्यांच्या ओळी असतात. युरिमेलाच्या मंडळींत त्या तशा नाहीत, मोजके जाड काटे असतात. जात ओळखायची तर नराचे पोट पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये मऊ करून जननेंद्रिय बाहेर काढायचे आणि त्याचे वळण, फाटे, टोके चितारायची. मादी सापडली तर बहुतेक वेळा प्रजातीपर्यंत जाऊन थांबायचे. काम किचकट आहे, कंटाळवाणे मात्र नाही. एरवी हुबेहूब दिसणाऱ्या दोन जाती तिथे साफ वेगळ्या निघतात.

या पद्धतीचा ऑस्ट्रेलियातला थोर माणूस म्हणजे जॉन विल्यम इव्हान्स. १९५४ ते १९६६ या काळात ते सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियमचे संचालक होते आणि १९६६ मध्येच ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या तुडतुड्यांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला. त्याआधी १९४६-४७ मध्ये त्यांनी जगभरच्या तुडतुड्यांचे नैसर्गिक वर्गीकरण तीन भागांत मांडले. त्यात युरिमेलाच्या मंडळींना त्यांनी उपकुलात न ठेवता स्वतंत्र कुलाचा मान दिला: युरिमेलिडी. समोरचा किडा पाहिला तर त्यांचा निर्णय समजण्यासारखा आहे. इतका वेगळा बांधा, मुंग्यांशी इतका घरोबा आणि वस्ती ऑस्ट्रेलिया नि शेजारच्या बेटांपुरती. खंड वेगळा, झाड वेगळे, तेव्हा कुलही वेगळे असणार, असा त्या काळाचा कल होता.

तो कल जनुकांपुढे टिकला नाही. डीएनए आणि शरीररचना एकत्र ताडून काढलेल्या वंशवृक्षात युरिमेलाची मंडळी वेगळ्या खोडावर नव्हती. ती होती इडिओसेरिनी आणि मॅक्रॉप्सिनी या दोन उपकुलांच्या सोबत, एकाच फांदीवर. ही दोन्ही उपकुले झाडाझुडपांवर राहणारी: उत्तरेकडे विलो आणि पॉप्लरवर, आपल्याकडे आंब्यावर. साधे डोळे चेहऱ्यावर असण्याची खूण तिघांत आहेच. ती आधीपासून सर्वांना दिसत होती, तिचे वजन कळायला वेळ लागला. एका फांदीला तीन नावे ठेवण्यात अर्थ नाही म्हटल्यावर प्रश्न आला, कोणते नाव राहणार? प्राणिशास्त्राच्या नामकरणात जुन्या नावाचा हक्क पहिला. युरिमेलिनी हे १८४३ चे, आम्यो आणि सेर्विल यांचे; बाकीची दोन्ही विसाव्या शतकातली. त्यामुळे ऑस्ट्रेलियाचे नाव जिंकले आणि आंब्याच्या तुडतुड्याला आडनाव बदलावे लागले.

आपल्या आंब्यावरचे प्रमुख तुडतुडे तीन: अमृतोडस अ‍ॅटकिन्सोनाय, इडिओस्कोपस क्लायपिॲलिस आणि इडिओस्कोपस निटिड्युलस. पाचरीसारखे अंग, बोथट रुंद डोके. त्यांचा अभ्यास आपल्याकडे चांगला झाला आहे. बंगळूरच्या कृषी विद्यापीठातले सी. ए. विरक्तमठ यांचे नाव या क्षेत्रात जगभर घेतले जाते. पण आपला अभ्यास साहजिकच किडीचा राहिला. या तुडतुड्याचे निलगिरीवरचे चुलतभाऊ मुंग्यांना पहाऱ्यावर ठेवून जगतात, तेव्हा आंब्याच्या फांदीवर मुंग्या आणि तुडतुडे यांचे नेमके काय चालते, हे त्या नजरेने पुन्हा बघण्यासारखे आहे. उपकुल बदलल्याने फवारणी बदलत नाही, पण विचारायचे प्रश्न बदलतात.

भारतातल्या निलगिरीवर युरिमेला शोधू नये. पानांवर गाठी आणणारी लेप्टोसायबे ही इवलीशी गांधीलमाशी तिच्या ऑस्ट्रेलियन झाडामागोमाग इथवर येऊन पोचली, हे तुडतुडे मात्र स्वतःच्या मुलखातच राहिले.

तेव्हा एक विनंती सिडनी, मेलबर्न, ॲडलेडकडच्या मराठी वाचकांना. फिरायला जाता त्या बागेत निलगिरीचे कमरेएवढे रोप दिसले आणि त्यावर मुंग्यांची रांग असेल, तर थांबून फांदी बघा. काळा-पांढरा तुडतुडा सापडला तर फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. मात्र नुसत्या किड्याचा नको. त्याच झाडाचे पान, साल आणि फळ यांचाही फोटो जोडा, मुंगीचाही जमला तर उत्तम. 'निलगिरीवर' एवढ्याच नोंदीचे संग्रहालयांत ढीग आहेत. आठशेंपैकी कोणत्या निलगिरीवर, हे त्यांतल्या फार थोड्या नोंदी सांगतात.