कोरियन विद्यार्थ्यांना चिनी सोपी जाते का?

दक्षिण कोरिया आणि चीन यांचे राजनैतिक संबंध १९९२ मध्ये सुरू झाले. व्यापार वाढला, तशी चिनी येणाऱ्यांना मागणी आली. नोकरीसाठी अनेक जण 'एचएसके' ही चिनीची परीक्षा देऊ लागले.

सुरुवात सोपी असते, कारण कोरियनमधले असंख्य शब्द मूळचे चिनी आहेत. विद्यार्थी म्हणजे कोरियनमध्ये 'हाकसेंग', चिनीत 'श्वेशंग'. पण हीच ओळख फसवतेही! कोरियन 'एइन' म्हणजे प्रियकर किंवा प्रेयसी. त्याच अक्षरांचा चीनमधला 'आयरेन' म्हणजे नवरा किंवा बायको. शिवाय चिनीतले चार सूर प्रमाण कोरियनमध्ये नाहीतच.

ते कानात बसायला रोजचा सराव लागतो. प्रमाणपत्र हाती आलं की परीक्षेची गरज संपते. भाषेची गोडी लागली, तरच सराव टिकतो.