पन्नाशीचे झाड आणि पन्नाशीचा माणूस

वसंतातल्या या दिवसांत आपण संध्याकाळच्या गारव्याला व्याख्यान ऐकावयास जमतो. याच दिवसांत झाडांवर पोट असणाऱ्या दोन प्रकारच्या माणसांची वर्षातली सर्वांत मोठी धावपळ चाललेली असते. जंगलात वणव्याचा मोसम ऐन भरात असतो आणि शहरात पावसापूर्वीची फांद्यांची छाटणी उरकायची असते. पहिल्या कामावर वनरक्षक व वनपाल असतात; दुसऱ्यावर दोर आणि कोयता घेऊन झाडावर चढणारा छाटणीवाला. या दोघांच्या रोजच्या कामाविषयी, आणि विशेषतः चाळिशी ओलांडल्यावर त्यांचे काय होते याविषयी, आज थोडे सांगावयाचे आहे. विषय काहीसा आडवळणाचा वाटेल. परंतु ज्या झाडाखालून आपली मुले शाळेत जातात, त्या झाडाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

आधी जंगलाकडे पाहू. वनखात्याची उतरंड मोठी आहे, पण रोज रानात पाय असतो तो खालच्या दोघांचा. वनरक्षकाकडे एक नियतक्षेत्र असते, ज्याला सगळे 'बीट' म्हणतात. आणि अशा काही बिटांवर एक वनपाल असतो. आपल्याकडे वणव्याचा मोसम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. सागाची पाने गळून पाचोळ्याचा थर साचलेला असतो. एक ठिणगी पुरे. म्हणून त्याआधीच रानात रुंद पट्टे साफ करून तेथील गवत व पाला जाळून ठेवतात. त्यांना जाळरेषा म्हणतात. आग पट्ट्यापर्यंत आली की तिला पुढे खायला काही उरत नाही. पण ही जाळरेषा जाळणे हेच मुळात जोखमीचे काम. वारा कोणत्या वेळी पडतो, कोणत्या उतारावर आग चढत जाते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने काडी न लावलेली बरी.

दुसरे उदाहरण मोहाचे. पडलेली फुले नीट दिसावीत म्हणून पुष्कळदा झाडाखालचा पाला पेटवून देतात आणि तीच आग रानात शिरते. नवा वनरक्षक अशा वेळी कायद्याचे कलम सांगतो. जुना वनरक्षक पहाटेच झाडाखाली जाऊन उभा राहतो आणि म्हणतो, "मावशी, पेटवू नका, खराटा घ्या, मी पण हात लावतो." कोणते झाड कोणत्या घराचे मानले जाते आणि कोणत्या घरी कोणाचा शब्द चालतो, हे त्याला वीस वर्षांत कळलेले असते.

आता या माणसाच्या उमेदवारीच्या दिवसांकडे पाहा. भरतीच्या वेळी पुरुष उमेदवाराला २५ आणि स्त्री उमेदवाराला १६ किलोमीटर अंतर चार तासांत चालून दाखवावे लागते. ही परीक्षा योग्यच आहे. परंतु ती विशीतल्या पायांची परीक्षा आहे. पुढे चाळिशीत गुडघे कुरकुरू लागतात. मुलांच्या शिक्षणासाठी बायको तालुक्याच्या गावी बिऱ्हाड करते आणि हा बिटावरच्या खोलीत एकटा स्वयंपाक करून खातो. त्यातच रानडुकरांनी केलेल्या पीकनुकसानीचे पंचनामे आणि चोरट्या तोडीचे गुन्हे यांची कागदपत्रे वाढत जातात. पायांची परीक्षा एकदा झाली. नजरेची परीक्षा मात्र कधीच कोणी घेत नाही.

शहरातल्या छाटणीवाल्याची कथा याहून कठीण आहे, कारण त्याला नोकरीही नाही. तो ठेकेदाराच्या हजेरीवर असतो. त्याचे काम म्हणजे नुसते फांद्या पाडणे, असा आपला समज असतो. वस्तुतः त्यात शास्त्र आहे. जड फांदी वरून एकदम कापली तर ती अर्धवट तुटून खाली झुकते आणि बुंध्याची साल हातभर सोलून नेते. म्हणून जाणता माणूस बुडापासून थोडे अंतर ठेवून आधी खालच्या बाजूने खाच देतो. मग तिच्या थोडे पुढे वरून कापतो. भार उतरला की उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढतो. हा तिसरा काप महत्त्वाचा. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे सुजल्यासारखे एक कडे असते. ते कडे राखून त्याच्या बाहेरून कापावयाचे असते.

असे का? माणसाला जखम झाली की शरीर ती भरून काढते. झाडाचे तसे नाही. झाड जखमेतले लाकूड पुन्हा नवे करू शकत नाही. ते जखमेभोवती जणू भिंती घालते आणि तिच्यावरून नवे लाकूड वाढवून ती झाकून टाकते. सडलेला भाग आत तसाच कोंडलेला राहतो. अमेरिकेतील वनसंशोधक ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून हे दाखविले आणि १९७७ साली त्याची रीतसर मांडणी केली. फांदीच्या बुडाशी असलेले ते कडे म्हणजे भिंत घालण्याची झाडाची खास जागा. ते छाटले की सड खोडात शिरायला वाट मोकळी होते. जखमेवर डांबर फासल्याने ही सड थांबत नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. आपल्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी भक्तिभावाने डांबर फासले जाते!

काही वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीतल्या पर्जन्यवृक्षाची छाटणी चालली होती. पन्नाशीचा एक माणूस खाली उभा होता. खांदा गेल्यामुळे आणि यंत्रकरवतीच्या हादऱ्यांनी बोटे बधिर होत असल्यामुळे तो वर चढत नसे. त्याने लाकडी ठोकळ्याने बुंधा ठिकठिकाणी ठोकून पाहिला, बुडाशी उगवलेली अळंबी निरखली आणि वरच्या पोराला हाक दिली, "पोरा, त्या फांदीवर पाय देऊ नको. आतून गेलीय ती."

"मामा, हिरवीगार तर दिसतीय!"

"हिरवं सालीखाली असतं रे. पोकळी मधी असते."

पोराने शेजारच्या फांदीला दोर बांधून ती उतरवली. कापावर हात जाईल एवढी पोकळी निघाली.

पुढल्या वर्षी मामा दिसला नाही. जो चढत नाही त्याला हजेरी कशाची, असा ठेकेदाराचा हिशेब. पोरांनी त्यांना जमले तसे काम केले. रस्त्याकडच्या फांद्या सरसकट उडवल्या आणि सगळा भार एका बाजूला राहिला. जुलैत एका रात्री झाड आडवे झाले. रात्र होती म्हणून कोणी खाली नव्हते, इतकेच.

कोणी म्हणेल, यंत्रे आली, शिडीच्या गाड्या आल्या. म्हाताऱ्या माणसाची जरूर काय? यंत्राने फांदी कापण्याचा वेळ वाचतो हे खरे. पण कोणती फांदी कापावी हे यंत्र सांगत नाही. आणि झाडाच्या कामात हे कळायला काळच लागतो, कारण आज दिलेल्या कापाचे फळ दहा-पंधरा वर्षांनी दिसते. ज्याने आपलेच जुने काप पुन्हा पाहिले आहेत, तोच शहाणा होतो. वनातही तेच. केरळात निलांबूर येथे कलेक्टर कॉनोली आणि त्यांचे सहकारी चातू मेनन यांनी १८४० नंतरच्या दशकात साग लावला. कॉनोली १८५५ साली मारले गेले. त्या लागवडीतले काही वृक्ष आजही उभे आहेत. झाडाचे काम एका माणसाच्या आयुष्यात पुरे होत नाही; ते एकाने दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते. आणि हे देणे होते ते मध्यमवयातच. विशीत देण्यासारखे काही नसते आणि सत्तरीत रानात जाता येत नाही.

आपल्या राज्यात शहरांतील झाडांच्या रक्षणाचा कायदा १९७५ साली झाला. २०२१ मधील दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला 'प्राचीन वृक्ष' मानून विशेष संरक्षण दिले. ही फार चांगली गोष्ट झाली. पण पन्नाशीच्या झाडाला मान आणि त्याच झाडाला जपणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला रजा, हा न्याय विचित्र आहे. वनखात्याने जुन्या वनरक्षकाला नव्यांचा शिक्षक करावे. छाटणीच्या ठेक्यात खाली उभे राहून झाड पाहणाऱ्या माणसाची हजेरी वेगळी धरावी. याला फारसा खर्च नाही.

आणि आपण? येत्या आठवड्यांत आपल्या दारातल्या झाडाची छाटणी होईल. तेव्हा वर कोण चढणार एवढेच न विचारता, खाली उभे राहून पाहणारा कोण, हेही विचारा. असा कोणी नसेल, तर एका दिवसाची जास्त मजुरी देऊन त्याला बोलावून घ्या.